पाणी गढूळ आहे का?

बंद डिकीत अंगाची मुटकुळी करून, दातांत टॉर्च धरून पडलेल्या माणसाला बाहेरून पहिला प्रश्न कोणता ऐकू यावा? "बरा आहेस ना?" असा यावा, एवढीच माझी माफक अपेक्षा होती. आला तो असा : "पाणी स्वच्छ आहे की गढूळ?"

परवाची गोष्ट. मान अजून उजवीकडे वळत नाही, त्यामुळे राग शिळा झालेला नाही.

मूळ दुखणं थोडक्यात सांगतो. गाडीत कुबट वास यायचा, सकाळी काचा आतून धुरकटलेल्या असायच्या आणि ब्रेक दाबला की मागून ‘डुबुक’ असा आवाज यायचा. डिकीचं कार्पेट उचललं तर खाली स्टेपनी डुंबत होती. शेजारी जॅक होता, तो गंजून एकसंध झालेला. गाडी वर्कशॉपला दिली. तिथे त्यांनी पाणी उपसलं, डिकीत वासाची डबी ठेवली आणि कागदावर लिहून दिलं : ‘तपासणी केली, गळती आढळली नाही.’ आढळेल कशी? गाडी सगळा वेळ शेडमध्ये उभी. छपराखाली चाळणीसुद्धा गळत नाही.

डिकीतलं पाणी महाबिलंदर असतं. जिथे साचतं तिथून ते आलेलं नसतं. वर कुठेतरी शिरतं, पत्र्याच्या जोडावरून, वायरींच्या जुडग्यावरून, अस्तराच्या मागून सरपटत खाली येतं आणि सगळ्यांत खोल जागा गाठतं, म्हणजे स्टेपनीचा खड्डा. हा खड्डा ज्याने काढला त्याला मला एकदा भेटायचं आहे. अडीनडीला ज्या चाकावर आपली भिस्त, तेच गाडीतल्या सर्वांत खोल जागी ठेवायचं, वर फळी टाकायची, फळीवर कार्पेट अंथरायचं. गंजलं तरी कुणाला पत्ता लागायला नको.

संशयितही थोडेथोडके नाहीत. पहिला संशय झाकणाभोवतीच्या रबरावर. कागदाची पट्टी मध्ये धरून झाकण लावायचं आणि पट्टी ओढून बघायची. अलगद निसटली तर तिथलं रबर मेलं समजायचं. माझ्या गाडीचं रबर निर्दोष सुटलं. मग मागच्या काचेचं चिकटवण, वरचा तिसरा ब्रेकलाइट, अँटेनाचं बूड, छताच्या पन्हळीतले जोड, जिथलं कारखान्यात भरलेलं सीलंट काही वर्षांनी तडकतं. सनरूफ असेल तर तिच्या मागच्या कोपऱ्यांतून खाली उतरणाऱ्या नळ्या. (माझ्या गाडीला सनरूफ नाही, याचा आनंद मला गाडी घेतल्यापासून पहिल्यांदाच झाला.) शिवाय बंपरच्या आड लपलेल्या, रबरी पापण्यांच्या झडपा. दार धाडकन लावलं की आतल्या हवेला बाहेर जायला वाट हवी, म्हणून त्या ठेवलेल्या असतात. त्यांच्या कडेचा फोम कुजला की चाकांनी उडवलेलं पाणी तिथून आत येतं. काही शहाणे या झडपाच कायमच्या बुजवून टाकतात. मग दार लावताना कानात दडे बसतात आणि काचांवरचं धुकं हटता हटत नाही.

यातला गुन्हेगार पकडायची खात्रीची रीत एकच. डिकीतलं सगळं सामान, कार्पेट, अस्तर काढायचं, पत्रा खडखडीत कोरडा करायचा, आतून टाल्कम पावडर भुरभुरायची आणि एकाने टॉर्च घेऊन आत शिरायचं. दुसऱ्याने झाकण लावून बाहेरून पाइपने पाणी सोडायचं. पावडरीवर ओघळ उमटला की त्याच्या मागावर उलटं वर जायचं. रीत सोपी आहे, अडचण त्या ‘दुसऱ्या’ची आहे. आमच्या घरातल्या सगळ्यांना त्या सकाळी एकदमच कामं आठवली.

धरणवाले काका मात्र मोकळे होते. ते कायमच मोकळे असतात. सगळी नोकरी त्यांनी धरणांवर काढली. ते निवृत्त झाले, धरणं झाली नाहीत. बिल्डिंगच्या टाकीचा बॉलकॉक अडकला तरी काका गॅलरीत येऊन "विसर्ग वाढलाय" म्हणून जाहीर करतात.

"काय चाललंय?"

"डिकी गळतेय, काका."

"किती?"

"किती म्हणजे?"

"अरे, मिनिटाला किती लिटर? काही आकडा आहे का नाही?"

"बरीच गळते."

"‘बरीच’ हे एकक मी तरी ऐकलेलं नाही," काका म्हणाले आणि बाह्या सरसावून पाण्याच्या नळाला टेकून उभे राहिले. "हे बघ, प्रत्येक धरण झिरपतं. न झिरपणारं धरण अजून कुणी बांधलेलं नाही. म्हणून तर काँक्रीटच्या धरणाच्या पोटात गॅलरी, म्हणजे माणूस चालेल एवढा बोगदा, ठेवतात. तिथे झिरपलेलं पाणी गोळा करायचं, व्ही आकाराच्या खाचेतून सोडायचं आणि खाचेवरची पाण्याची उंची मोजायची. उंचीचा अडीचावा घात घेतला, गुणकाने गुणलं, की विसर्ग हातात. तू मोजलंस का?"

"काका, ही डिकी आहे."

"तत्त्व तेच."

अडीचावा घात! मी स्पंजाने पाणी टिपून बादलीत पिळत होतो. पण माणूस गरजू असला की घातही ऐकून घेतो. मी पाइप त्यांच्या हातात दिला आणि सुरुवात खालून करायची, एवढं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तेच म्हणाले, "खालून वर जायचं बरं का. जलाशय कधी वरून भरतो का? आधी बंपर, मग दिवे, मग झाकण, शेवटी काच. प्रत्येक पातळीला थांबायचं."

आता हे शंभर टक्के बरोबर आहे. वरून पाणी सोडलं तर खालचं सगळंच भिजतं आणि कोण गळलं ते कळत नाही. पण त्याचा जलाशयाशी काडीचा संबंध नाही, आणि मुख्य म्हणजे हे मी सांगणार होतो. ते श्रेय तेव्हा काकांच्या खात्यावर जमा झालं, ते अजून तिथेच आहे.

खुणा ठरल्या. आतून एक टकटक म्हणजे पाणी दिसलं, हात थांबवा. दोन टकटक म्हणजे झाकण उघडा. किल्ली काकांच्या खिशात. मी आत शिरलो, गुडघे हनुवटीला लावले आणि झाकण लागलं.

अमेरिकेत सप्टेंबर २००१पासून बनलेल्या डिकीवाल्या गाड्यांना आतून झाकण उघडायची सोय सक्तीची आहे, आणि तिची मूठ अंधारातही दिसली पाहिजे. डिकीत अडकून लहान मुलं दगावली, तेव्हा कुठे तो नियम आला. माझ्या गाडीत अशी मूठ नाही. बरगडीखाली कसलासा बोल्ट रुतत असताना मी टॉर्चने ती शोधून पाहिली.

मग पाणी सुरू झालं. आतून तो आवाज केवढा येतो याची बाहेरच्या माणसाला कल्पना नसते. त्या गदारोळात काकांचा तो प्रश्न आला. दातांत टॉर्च असल्यामुळे मी "अं" म्हणालो.

"स्वच्छ असेल तर बिनघोर रहा!" काका ओरडले. "गढूळ यायला लागलं, तर भराव आतून धुपतोय असं समज. मग धरण गेलंच!"

माझ्या डिकीला भराव नव्हता. पण त्या क्षणी मी खरोखरच पाणी गढूळ आहे का ते बघितलं, याचा मला जास्त राग येतो.

आणि तेव्हाच ते दिसलं. डाव्या टेललाइटच्या मागे पत्र्याच्या कडेला एक थेंब फुगला, थोडा वेळ लोंबकळला, मग पावडरीत बारीक करडी रेघ ओढत खाली गेला. त्याच्या मागून दुसरा. मी एकदा टकटक केली.

"आला! पहिला झिरपा!" बाहेरून आवाज आला आणि पाण्याचा जोर वाढला. बहुतेक शेजारपाजाऱ्यांना प्रात्यक्षिक दाखवायचं असावं, कारण आता बाहेर बरेच आवाज होते. मी दोनदा टकटक केली.

"दुसरा झिरपा!"

मी लाथ मारली. मग दोन्ही मुठींनी वाजवायला लागलो.

"बाप रे, सगळीकडूनच आहे!" काका म्हणाले. पाइप हलेना.

"साहेब, गाडीतून आवाज येतोय." हा आवाज नवा होता.

"येऊ दे. निरीक्षण चालू आहे."

"आत माणूस आहे?"

"आहे ना. गॅलरीत आहे."

"अहो, उघडा ते! गुदमरेल तो!" ही तळमजल्यावरची काकू. तिचं मी आयुष्यभर ऋण मानीन.

"वहिनी, नोंदी अर्धवट राहतील," काका म्हणाले.

अखेर झाकण उघडलं. उजेडाने डोळे दिपले. समोर पाइप धरलेले काका, तोंडाला पदर लावलेली काकू, सायकली थांबवून उभी असलेली पोरं आणि हातात खोका घेतलेला डिलिव्हरीवाला. मी पावडरीने पांढरा आणि पाठीकडून चिंब, अजून मुटकुळीतच. कुणी हात पुढे करील म्हणून मी हात वर केला. डिलिव्हरीवाल्याने माझ्याकडे नीट बघितलं, खोक्यावरचं नाव वाचलं आणि विचारलं, "तुम्हीच ना? ओटीपी सांगा."

फोन वर घरात होता. मी तसं सांगितलं. "मग घेऊन या, मी थांबतो," तो म्हणाला. मी त्या अवतारात जिने चढलो.

दुपारी टेललाइट उतरवला. आतून चार नट काढले की तो सुटून हातात येतो. त्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये काळ्या फोमची गॅस्केट असते. मागच्या काचेवरून ओघळणारं सगळं पाणी झाकणाच्या पन्हळीतून नेमकं या दिव्यावरून खाली जातं, आणि त्याला डिकीबाहेर ठेवण्याची जबाबदारी त्या बोटभर रुंद फोमवर. माझी गॅस्केट एका कोपऱ्यात दुमडून चेंगरली होती, बाकी ठिकाणी चपटी होऊन पत्र्याला चिकटली होती. मागे त्या दिव्याचा बल्ब गेला तेव्हा दिवा उतरवून त्यांनी तो बदलला आणि तोच मेलेला फोम कसाबसा दाबून नट आवळले. त्यांनी म्हणजे त्याच वर्कशॉपने. स्वतःच्या हाताने भोक ठेवायचं आणि नंतर शेडमध्ये उभं राहून ‘गळती आढळली नाही’ असं लिहायचं. गेल्या पावसाळ्याभर मी ओल्या गाडीत बसून शिंकत होतो. आणि पाणी साचायचं ते उजव्या कोपऱ्यात, कारण आमची पार्किंगची जागा तिकडे उतरती आहे. त्यामुळे ज्याने ज्याने डोकावलं त्याने उजवा दिवाच ठोकून पाहिला.

तक्रार करायला फोन केला. पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, पावसात थोडंफार येतंच." कुठून येतंच? ज्या वस्तूला दारं, काचा आणि छप्पर लावून विकतात, तिच्यात पाऊस येतो हे तिच्या माहितीपुस्तकात कुठे छापलंय ते तरी दाखवा. तो म्हणाला, सिलिकॉन मारून देतो. ते तर मी होऊच देणार नव्हतो. आंबूस वासाचं साधं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं, त्याने पत्रा गंजतो, आणि पुन्हा त्या जागी रंग धरत नाही ते वेगळंच.

म्हणून मीच बसलो. जुना फोम खरवडला, कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढल्या, बुटाइलची टेप दिव्याच्या मागे सलग फिरवली, टोकं एकमेकांवर चढवून बोटाने दाबली. नट कोपऱ्याआड कोपरा असे थोडे थोडे आवळायचे. जोर केला तर दिव्याचं प्लास्टिक तडकतं. मग पुन्हा पाणी मारलं. यावेळी डिकीत मी नव्हतो, कागदी रुमाल चिकटवले होते. रुमाल कोरडे राहिले.

काका शेजारी उभे होतेच. "सांडवा ठेवलास का?"

स्टेपनीच्या खड्ड्याच्या तळाला एक रबरी बूच असतं. ते काढून टाक, म्हणजे आलेलं पाणी आपोआप जाईल, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, त्या भोकातून रस्त्यावरचं पाणी, धूळ आणि सायलेन्सरचा धूर आत येईल. काका थोडा वेळ बुचाकडे बघत राहिले. "सांडव्याला दरवाजे असतात," ते म्हणाले. बूच हेच ते दार आहे, हे त्यांना पटवायला मला बराच वेळ लागला, आणि पटलं ते आपणच सांगितल्यासारखं पटलं.

आता बिल्डिंगभर गोष्ट फिरतेय ती अशी की काकांनी गळती शोधली. माझं नाव तीत येतं, पण वेगळ्या कारणासाठी. काल दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्यात भेटले. त्यांच्याही डिकीत ओल येते म्हणे.

"काका म्हणाले, तुम्ही डिकीत मावता," ते म्हणाले. मग मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून, जरा काळजीने, "आमची गाडी तशी लहान आहे."