रिव्ह्यूला आमचं उत्तर: दोरीच्या आत आम्ही कोणालाच सोडत नाही

नमस्कार दादा, दोन स्टार दिलेत त्याबद्दल तक्रार नाही, पण उत्तर देते कारण हाच प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. तुमचं म्हणणं असं की सँडी हूक बीचवरच्या सनराइज फोटोवॉकला पैसे भरून, अंधारात उठून न्यू जर्सीच्या दुसऱ्या टोकाहून आलात आणि गाईडने ड्रोन उडवू दिला नाही, दोरीच्या आत जाऊ दिलं नाही, "एवढ्याशा पक्ष्यासाठी" फ्रेम गेली.

ड्रोनचं आधी, ती जागा नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे, तिथे ड्रोनला बंदीच आहे.

आता दोरी, ती पक्ष्यांच्या घरट्यांचा पट्टा राखायला लावलेली असते. तो एवढासा पक्षी म्हणजे पायपिंग प्लोव्हर, आपल्याकडच्या चिखल्याचा भाऊबंद, इथे १९८६ पासून कायद्याने संरक्षित. घरटं म्हणजे वाळूत उथळ खळगा, त्यात बहुतेक वेळा चार अंडी, वाळूच्याच रंगाची, वर काळे ठिपके, अगदी पायाशी असली तरी पटकन दिसत नाहीत. तुम्हाला फोरग्राउंडला जे गवत हवं होतं त्याच्या पुढच्याच पट्ट्यात ही घरटी असतात. माणूस जवळ आला की पक्षी अंडी सोडून उठतो आणि पंख मोडल्याचं नाटक करत आपल्याला लांब नेतो, लोकांना वाटतं काय मस्त पोज देतोय, पण तेवढ्यात अंडी गार पडतात आणि कावळे, गल (समुद्रपक्षी) टपलेलेच असतात. पिल्लं जन्मल्यावर काही तासांतच चालायला लागतात, पण घाबरली की जागच्या जागी वाळूला चिकटून बसतात, कधी बुटाच्या ठशात सुद्धा. गाईड खाली बघत हळूहळू चालत होता त्याला तुम्ही "टाइमपास" म्हणालात, तो हेच बघत होता, आणि त्याच्याबद्दल असं लिहिलेलं मला खरंच लागलं.

आणि फोटोचं म्हणाल तर सूर्य समुद्रातून वर येतो, दोरी आपल्या पाठीमागे राहते. ओहोटीला ओल्या वाळूत आख्खं आकाश उतरतं, कॅमेरा जमिनीलगत धरा, वाइड लेन्स लावा, बास. गवत हवंच असेल तर बीचवर उतरायच्या वाटेवरून मिळतं, ती जागा गाईडने दाखवली होती. पक्ष्यासाठी ४०० एमएमच्या पुढची लेन्स आणा आणि दोरीबाहेर पोटावर पडून रहा, तो स्वतःच पाण्याच्या कडेला किडे टिपायला येतो.

पैसे परत देणार नाही, कारण वॉक ठरल्याप्रमाणे झाला. ऑगस्ट संपेपर्यंत हे पक्षी दक्षिणेला जातात, सप्टेंबरमध्ये यायचं असेल तर मेसेज करा, तेव्हा तो पट्टा मोकळा असतो.