वायफाय दिसत नाही म्हणून लगेच परत फॉरमॅट नका मारू

लिनक्स टाकण्यावरचा लेख चांगलाय, पण त्यात वायफाय नाही आलं तर लिनक्स परत टाकून बघा असं म्हटलंय, ते काही पटलं नाही. तीच आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) परत टाकून तेच होणार ना राव. आधी टर्मिनलमधे (कमांड टाइप करायची विंडो) एलएसपीसीआय -एनएनके (lspci -nnk) मारा आणि नेटवर्क कंट्रोलरच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ आहे का बघा. नसेल तर ड्रायव्हरच (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) लागलेला नाही, असेल तर आरएफकिल लिस्ट (rfkill list) मारून बघा, बऱ्याचदा नुसतं 'सॉफ्ट ब्लॉक्ड: यस' असतं, म्हणजे वायफाय सॉफ्टवेअरमधून बंद केलेलं असतं, अनब्लॉक केलं की झालं. ब्रॉडकॉम कंपनीच्या बऱ्याच वायफाय कार्डांना ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो आणि तो टाकूनही कार्ड ढिम्म असेल तर बायोसमधे सिक्युअर बूट चालू आहे का बघा, डिजिटल सही (साइन) नसलेलं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरची फाइल, तो लोडच होऊ देत नाही. आता नेटच नाही तर डाउनलोड कसं करायचं, तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलने कॉम्प्युटरला देणं) चालू करा, अँड्रॉइड असेल तर बहुतेक लगेच चालतं. डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाकणाऱ्यांनी व्हर्जन १२ किंवा पुढचंच घ्या, २०२३ पासून फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमधेच येतं. आणि पुण्यात तपकीर गल्लीत वायफायचा यूएसबी डाँगल घ्यायला गेलात तर चिपसेट (आतली मुख्य चिप) कुठला ते विचारा, "सगळ्यावर चालतो साहेब" म्हणजे विंडोजवर चालतो 😀