दहावी आली की तबला माळ्यावर

दहावीचा क्लास लागला की पहिली कुऱ्हाड तबल्यावरच का पडते? पोर तबल्याच्या मध्यमा परीक्षेपर्यंत पोचलेलं असतं आणि घरचे म्हणतात, 'आता बंद, बारावीनंतर बघू.' मग सीईटी, मग कॉलेज, मग नोकरी. बघणार कधी?

अहो, हात असा थांबवून ठेवता येत नाही! 'धिरधिर' हा बोल ठाय म्हणजे संथ लयीत रोज घासावा लागतो, तेव्हा कुठे चौगुन, म्हणजे चौपट वेग, स्वच्छ येते. सराव तुटला की आधी डावा हात जातो. मनगट आखडतं, डग्ग्याची, म्हणजे डाव्या हाताच्या वाद्याची, घुमक संपते, नुसती थाप उरते. तीनतालाच्या 16 मात्रा तोंडपाठ राहतात हो, पण दहाव्या मात्रेला डग्गा बंद करून चौदाव्याला उघडायचं, ते हातातून निसटतं. वर माळ्यावर दमट हवेनं पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, सुरातून उतरते ती वेगळीच.

दहावीला कलेचे वाढीव गुण मात्र हवेत! प्रमाणपत्र हाती आलं की वाद्य नको. 'तबल्यानं पोट भरतं का?' विचारणारे काकाच गणपतीत म्हणणार, 'आरतीला वाजव ना जरा.' कशानं वाजवेल तो? रोजची पाऊण तास बैठक तुम्हीच मोडलीत ना?