"अलास्काची कुठलीही बोट घ्या, बर्फ तोच" म्हणे!

गेल्या रविवारी फोंड्याला दादाकडे जेवायला गेलो होतो. पानात हुमण पडायच्या आत वहिनीने मोबाइल पुढे केला. "भावजी, हे जरा वाचा. संध्याकाळी एजंटाला ॲडव्हान्स पाठवायचाय."

"अलास्का क्रूझ : एजंट जे कधीच सांगणार नाहीत" असा मथळा, खाली सहा मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी टिक, शेवटी "किमान दहा कुटुंबांपर्यंत पोचवा". हाच मजकूर महिन्याभरात मला तीन ग्रूपवर आला होता, तेव्हा अंगठ्याने वर सारला. आता मात्र त्याच्या भरवशावर दादा, वहिनी, दोन मुलं आणि ७१ वर्षांची आई अशी पाच माणसं निघाली आहेत. दादाने त्यासाठी मुदत ठेव मोडली आहे.

मी अकरा वर्षं तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला होतो. इंजिनात नाही, पाहुण्यांच्या काउंटरवर, म्हणजे लोक जिथे भांडायला येतात तिथे. त्यातले तीन उन्हाळे अलास्काच्या फेऱ्यांवर गेले. तेवढ्या अधिकाराने लिहितो. क्रम त्या मजकुराचा नाही, माझा. ज्यात माणूस सगळ्यात जास्त बुडेल ते आधी.

तर चौथा मुद्दा. "बोट सिएटलहून सुटते आणि सिएटललाच परत येते, म्हणून अमेरिकेचा व्हिसा पुरे. कॅनडाचा व्हिसा एजंट कमिशनसाठी गळ्यात मारतात."

सिएटलहून अलास्काला जाणाऱ्या मोठ्या बोटी जवळजवळ सगळ्या परदेशी झेंड्याच्या, म्हणजे दुसऱ्या देशात नोंदलेल्या असतात. अमेरिकेत १८८६ सालापासून एक कायदा आहे, की परदेशी झेंड्याच्या बोटीने नुसती अमेरिकी बंदरं करत प्रवासी फिरवायचे नाहीत. सिएटल ते सिएटल फेरी असली तरी वाटेत एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. ते बंदर बहुतेक वेळा कॅनडातलं व्हिक्टोरिया. शेवटच्या संध्याकाळी बोट तिथे काही तास लागते, लोक आइस्क्रीम खाऊन येतात आणि बोट सुटते. त्या काही तासांसाठी भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो. "आम्ही उतरणारच नाही, केबिनमध्ये बसू" हे चालत नाही. आणि कागद बघतात ते व्हिक्टोरियाला नव्हे, सिएटलच्या धक्क्यावर, बोटीत पाय ठेवायच्या आधी.

एका जूनमध्ये मी त्या धक्क्यावर ड्यूटीला होतो. पुण्याचं सहा जणांचं कुटुंब आलं. आजोबा व्हीलचेअरवर, नातीच्या गळ्यात दुर्बीण. अमेरिकेचे व्हिसे चोख, कॅनडाचा एकाकडेही नाही. त्यांच्या एजंटाने लागत नाही म्हणून सांगितलं होतं. बॅगांना केबिन नंबरचे कागदी टॅग लागून त्या आत गेल्या होत्या, त्या शोधून टॅग कापून परत आणायचं काम माझ्याकडे आलं. मराठी बोलणारा मी एकटाच, त्यामुळे समजावायचंही मलाच. मुलगा माझ्यावर ओरडला, सुनेने त्याला गप्प केलं. आजोबांनी एवढंच विचारलं, "बोट सुटताना इथून दिसते का हो?"

आता एक अर्धसत्य मान्य करतो, नाइलाजाने. गोव्यात अशी घरं भरपूर आहेत, जिथे आजोबांची जन्मनोंद लिस्बनला जाऊन आली आणि हातात पोर्तुगीज पासपोर्ट आला. त्यांना अमेरिकेला आणि कॅनडाला व्हिसाऐवजी ऑनलाइन परवानगी घेऊन जाता येतं. या मुद्द्याचा उगम अशाच कुणाच्या सहलीत असावा असा माझा संशय आहे. "आम्हाला कुणी काही विचारलं नाही" हे त्याचं खरंच असेल. पण दादाचा पासपोर्ट निळा आहे. त्याला अमेरिकेच्या व्हिसासाठी मुंबईच्या कॉन्सुलेटचा रस्ता धरायचाय आणि कॅनडाचा अर्ज वेगळा करायचाय. दोन्ही हातात आल्याशिवाय परत न मिळणारा एक पैसाही कुणाला देऊ नये.

पहिला मुद्दा, ज्याच्यावर बाकीचा डोलारा उभा आहे : "अलास्काची कुठलीही क्रूझ घ्या, ग्लेशियर तेच. फक्त सगळ्यात स्वस्त बोट शोधा."

हे म्हणजे गोव्यात कुठेही उतरा, दूधसागर दिसतोच, असं सांगण्यासारखं झालं.

ज्यूनो, स्कॅगवे, केचिकन ही बंदरं सात दिवसांच्या बहुतेक फेऱ्यांत असतात, थोडीफार अदलाबदल सोडता. फरक पडतो तो एका दिवसाने. त्या दिवशी बोट कुठल्याच बंदराला लागत नाही, हिमनदीसमोर जाऊन उभी राहते. पत्रकात त्या दिवसापुढे काय लिहिलंय ते बघायचं. स्विमिंग पूल किती आणि रेस्टॉरंटं किती हे नंतर. तिथे "ग्लेशियर बे" असेल, "हबर्ड" असेल, "एंडिकॉट आर्म" असेल किंवा "कॉलेज फ्योर्ड". या चार वेगवेगळ्या जागा आहेत. आणि नुसतं "सीनिक क्रूझिंग" लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ खिडकीतून डोंगर बघा असाही निघू शकतो.

ग्लेशियर बे हे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे दिवसाला जास्तीत जास्त दोन मोठ्या क्रूझ बोटींना प्रवेश मिळतो. परवाने ठरावीक कंपन्यांनाच आहेत, त्यामुळे कितीही पैसे मोजले तरी काही बोटी तिथे जातच नाहीत. हे मी माझ्या आठवणीतून सांगत नाही. अमेरिकेची नॅशनल पार्क सर्व्हिस आपल्या संकेतस्थळावर दर मोसमाचं वेळापत्रक देते : कुठल्या तारखेला कुठल्या बोटी आत येणार, नावासकट. वहिनीच्याच मोबाइलवर ते उघडलं आणि एजंटाने पाठवलेली तारीख काढली. दादाच्या बोटीचं नाव त्यात नव्हतं. वहिनीने अंगठा फिरवून मागचा दिवस पाहिला, पुढचा पाहिला, मग आख्खा महिना पाहिला. नव्हतंच.

त्या खाडीत काय आहे तेही सांगतो, नाहीतर एवढा आटापिटा कशाला असं वाटेल. १७९४ साली ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतले लोक तिथे पोचले तेव्हा खाडी जवळजवळ नव्हतीच, समोर बर्फाची भिंत होती. १८७९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्यूर गेला तोवर बर्फ ३० मैलांहून जास्त मागे सरकला होता. आज तोंडापासून टोकापर्यंत १०० किलोमीटरच्या आसपास पाणी आहे. सकाळी खाडीच्या तोंडाशी छोट्या बोटीतून पार्कचे रेंजर येतात, चालत्या जहाजाला लटकवलेल्या दोराच्या शिडीने वर चढतात आणि दिवसभर माइकवरून माहिती सांगतात. टोकाशी मार्जरी हिमनदी. साधारण मैलभर रुंद, पाण्यावर २५० फूट उंच. बोट तिच्यासमोर तासभर थांबते. लोक केबिनमधले ब्लँकेट गुंडाळून डेकवर येतात आणि हळूहळू सगळे बोलायचे थांबतात. भिंतीचा तुकडा आधी खाली येताना दिसतो, धडाम असा आवाज मागून येतो. दोन्हींच्या मधल्या त्या क्षणात तीन हजार माणसं श्वास धरून असतात. पाण्यात तरंगणारे तुकडे चुटचुट वाजत राहतात, कढईत मोहरी तडतडावी तसे. जुनी कोंडलेली हवा बाहेर पडत असते.

हबर्डची गोष्ट वेगळी. ती १२२ किलोमीटर लांब आहे, म्हणजे पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या गोव्याहून लांब. समुद्राला भिडलेलं तिचं तोंड दहा किलोमीटरच्या घरात, पणजीचा अटल सेतू दोनदा मावेल. पण ती ज्या उपसागरात आहे तिथे बर्फाचे तुकडे इतके साचतात, की कॅप्टनला कधी जवळ जाता येतं, कधी कित्येक किलोमीटर दुरूनच वळावं लागतं. दूरच्या हबर्डपेक्षा जवळची मार्जरी बरी, हे माझं मत. दोन्ही हवं असेल तर कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराहून वर अलास्कातल्या व्हिटिअर किंवा स्यूअर्डला जाणाऱ्या एकेरी फेऱ्या बघा. काहींत ग्लेशियर बे आणि हबर्ड, काहींत ग्लेशियर बे आणि कॉलेज फ्योर्ड मिळतात. परतीचं विमान अँकरेजहून, त्यामुळे तिकीट महाग पडतं.

आणि कुणी "ट्रेसी आर्म" लिहिलेलं पत्रक दाखवलं तर ते कधीचं आहे ते विचारा. १० ऑगस्ट २०२५ च्या पहाटे तिथे साउथ सॉयर हिमनदीजवळ डोंगराचा मोठा कडा कोसळला आणि अरुंद खाडीत प्रचंड लाट उसळली. सुदैवाने त्या वेळी तिथे कुठली मोठी बोट नव्हती.

आईसाठी आणखी एक बघायचं. सिएटलहून निघालेल्या बोटी बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या समुद्रातून जातात. व्हँकुव्हरहून निघालेल्या बेटाच्या आतून, आडोशाने. कदंबाच्या बसने अनमोड घाट चढताना जिला लिंबू हुंगावं लागतं, तिच्यासाठी कुठली घ्यायची हे मला विचारायची गरज नाही.

आता तिसरा मुद्दा, जो वाचून मी ताट बाजूला सारलं. "बोट ग्लेशियरला टेकते, बाल्कनीतून मुलांना बर्फ हातात घेता येतो. ज्यूनोला तर बर्फाच्या गुहेत फुकट फिरता येतं."

टेकते! मांडवीतली फेरीबोट बेतीच्या धक्क्याला टेकते तशी! मार्जरीसमोर बोट साधारण पाव मैलावर थांबते, कारण २५० फुटांच्या भिंतीचा तुकडा पडला की लाट उठते, आणि पाण्याखालूनही बर्फ अचानक सुटून वर येतो. बाल्कनी पाण्यापासून कित्येक मजले वर असते ते आणखी वेगळं. गुहांचं तर हसण्यावारी नेऊच नका. ज्यूनोची मेंडेनहॉल हिमनदी गावापासून २० किलोमीटरच्या आसपास आहे, बस जाते. तलावाच्या अलीकडून ती छान दिसते, धबधब्यापर्यंत सपाट वाट आहे, आईसुद्धा चालेल. पण तिच्याखालच्या गुहा वितळण्याने तयार होतात आणि वितळण्यानेच कोसळतात. तिथलं वनखातं लोकांना त्यापासून लांब राहायलाच सांगतं. माझा पुतण्या पाचवीत आहे आणि त्याने हा मुद्दा मोठ्याने दोनदा वाचून दाखवला. म्हणून एवढं लिहिलं.

दुसरा मुद्दा उजव्या बाजूच्या बाल्कनीचा, "नाहीतर काही दिसत नाही". हिमनदीसमोर बोट जागच्या जागी सावकाश फिरवतात, दोन्ही बाजूंना दिसावं म्हणूनच. एकेरी फेरीत उत्तरेकडे जाताना जमीन उजवीकडे जास्त वेळ राहते, एवढं खरं. पण डेक सगळ्यांना मोकळा असतो. आतली बिनखिडकीची केबिन घ्या आणि उरलेल्या पैशांत मुलांना चांगले रेनकोट घ्या.

पाचवा : "सप्टेंबरमध्ये जा, पाऊस संपलेला असतो." कुणाचा पाऊस? आपला चतुर्थीनंतर ओसरतो म्हणून अलास्काचाही ओसरायला हवा असं काही नाही. त्या किनाऱ्यावर सप्टेंबर-ऑक्टोबर हेच सर्वात ओले महिने. केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्या गोव्याहून जास्त. तुलनेने कोरडे एप्रिल, मे, जून. मेमध्ये आपल्या शाळांना सुट्टी असते आणि दर जुलै-ऑगस्टपेक्षा कमी असतात. थंडी असते आणि खाड्यांत बर्फही जास्त असतो, हे धरून चाला. सप्टेंबरच्या बाजूने एक गोष्ट मात्र आहे. ग्लेशियर बेमधला जॉन्स हॉपकिन्स नावाचा फाटा सीलच्या पिल्लांसाठी १ मे ते ३१ ऑगस्ट क्रूझ बोटींना बंद असतो, नंतर उघडतो. तो मजकूर लिहिणाऱ्याला हे माहीत असतं तर त्याने लिहिलं असतं.

सहावा, "२०३० पर्यंत सगळे ग्लेशियर संपणार, याच वर्षी बुक करा". अमेरिकेत ग्लेशियर नॅशनल पार्क नावाचं वेगळंच उद्यान आहे, मोंटाना राज्यात, समुद्रापासून खूप आत. तिथे २०२० पर्यंत हिमनद्या संपतील असे फलक लावले होते, ते नंतर काढावे लागले. बहुधा ती गोष्ट ग्लेशियर बेच्या नावाला चिकटली, आणि वर्ष पुढे ढकललं गेलं. अलास्कातल्या बहुतेक हिमनद्या मागे हटताहेत हे खरंच आहे, मेंडेनहॉल तर डोळ्यादेखत. पण हबर्ड गेली शंभराहून जास्त वर्षं पुढे सरकतेय. १९८६ मध्ये आणि पुन्हा २००२ मध्ये तिने शेजारच्या खाडीचं तोंडच बुजवलं होतं. तेव्हा दादाने एक वर्ष थांबून दोन्ही व्हिसे नीट काढले तर बर्फ पळून जाणार नाही.

हे सगळं बोलून होईपर्यंत अडीच वाजले. दादाने एजंटाला फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"पाचव्या दिवशी 'सीनिक ग्लेशियर क्रूझिंग' लिहिलंय, ती हिमनदी कुठली?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. "सर, मोठी असते ती."

"नाव काय?"

"नाव बघून सांगतो. ॲडव्हान्स आज केलात तर रेट लॉक होईल."

दादाने फोन ठेवला. वहिनी हुमण परत गरम करायला आत गेली.