५५० कोटींचे मूग?

आमच्या फोंड्याच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा पुन्हा तोच मेसेज पडला: ‘शुभांशु शुक्लांनी ५५० कोटी खर्चून अंतराळात मूग भिजवले. आमची आजी फुकटात भिजवते. तिथे गुरुत्वाकर्षणच नाही, मग कळणार काय? नुसती सहल!’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

गुरुत्वाकर्षण नाही, हे साफ चूक. भारताचे अंतराळवीर शुक्ला ज्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहून आले, ते साधारण ४०० किलोमीटर वर आहे, म्हणजे सरळ रेषेत पणजीहून मुंबईइतकं. तिथे पृथ्वीची ओढ इथल्या जवळजवळ ९० टक्के असते. पण स्थानक आणि आतलं सगळं ताशी २८,००० किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती एकत्रच पडत राहतं, म्हणून वजन जाणवत नाही.

आता आजीचे मूग. मुगागाठीसाठी मोड आलेला एक मूग घ्या, ओल्या कापसावर ठेवून काचेला उभा चिकटवा आणि काच आडवी फिरवा. दुसऱ्या दिवशी मुळाचं टोक वाकून पुन्हा खाली वळलेलं दिसेल. मुळाच्या टोकाशी काही पेशींत स्टार्चचे जड कण असतात. ते तळाशी बसतात आणि मुळाला ‘खाली’ कळतं. कक्षेत हे कण तळाशी बसतच नाहीत. पाणीही निथळत नाही, बियांना गोळा होऊन चिकटतं. मूग तोच, आधार काढून घेतलेला. आजीच्या स्वयंपाकघरात हे करता येत नाही, हो.

सहल? २०२५च्या त्या मोहिमेत चौघा अंतराळवीरांकडे मिळून साठेक प्रयोग होते. त्यांतले सात भारताचे.

पैशांचा प्रश्न मात्र रास्त आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. फक्त ५५० कोटी मुगाच्या नावावर टाकू नका. बातम्यांत आलेला हा आकडा यानातली जागा, प्रशिक्षण, सगळं उड्डाण धरून आहे, आणि तो अनुभव गगनयानासाठी, म्हणजे भारताच्या स्वतःच्या यानातून माणूस अंतराळात पाठवण्याच्या मोहिमेसाठी, हवा होता.

उलट बाजूचे ‘अंतराळातल्या मेथीने क्रांती’वाले मेसेजही मला तितकेच खोटे वाटतात. मूग-मेथीचा प्रयोग धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा आणि आयआयटीचा. परत आलेल्या बियांच्या पुढच्या पिढ्या वाढवायच्या, जनुकं आणि पोषणमूल्य तपासायचं, असा त्यांचा बेत. म्हणजे खरं काम गोव्यातून अनमोड घाट चढून गेल्यावर, आपल्या शेजारच्याच धारवाडात आहे.