पाहुणा क्रमांक ४१

गेल्या मंगळवारी माझ्याच तासाला, मीच ठरवलेल्या कृतीसाठी, माझ्याच एका विद्यार्थिनीच्या कृपेने मला वर्गाच्या डिजिटल फलकावर प्रवेश मिळाला. पडद्यावरच्या उपस्थितांच्या यादीत माझ्यासमोर ‘पाहुणा क्रमांक ४१’ असे लिहिलेले होते. वर्गात विद्यार्थी चाळीस. फलकाची मालकीण वगळता पाहुणे एकोणचाळीस व्हायला हवे होते, म्हणजे माझा क्रमांक हिशेबाने चाळिसावा होता. माझ्या आधी आत जाऊन बसलेला तो चाळिसावा पाहुणा कोण, हा या लेखाचा खरा विषय आहे. परंतु त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी थोडे मागे जाणे भाग आहे.

हा सगळा प्रकार जॅमबोर्ड, म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी लिहिता येणारा गूगलचा डिजिटल फलक, बंद झाल्यापासूनचा. ते बंद होणार, हे गूगलने सप्टेंबर २०२३ मध्येच जाहीर केले होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून जुने फलक केवळ पाहता येऊ लागले आणि ३१ डिसेंबर २०२४ रोजी त्या साधनाने कायमचे डोळे मिटले. सव्वा वर्षाची पूर्वसूचना मिळालेली असल्यामुळे कुणाच्या नावाने बोटे मोडण्याची सोय उरलेली नाही. त्या सव्वा वर्षापैकी एक वर्ष आमच्या विद्यापीठाने ‘अजून पुष्कळ वेळ आहे’ असे म्हणण्यात घालवले आणि उरलेले तीन महिने नवे साधन निवडणाऱ्या समितीच्या पहिल्या बैठकीची तारीख ठरवण्यात.

जॅमबोर्ड हे काही फार विद्वान साधन नव्हते. एका फायलीत जास्तीत जास्त २० पाने, चार प्रकारची लेखणी, रंगीत चिठ्ठ्या आणि शिक्षकाने मिरवण्यासाठी लेसरचा एक ठिपका, एवढाच त्याचा संसार. पण दुवा दिला की वर्ग आत येत असे आणि कुणालाही काहीही शिकवावे लागत नसे. मी संशोधन पद्धती हा विषय शिकवते. एका पानावर मी आडवी रेघ ओढत असे, तिच्या एका टोकाला ‘पूर्ण सहमत’ आणि दुसऱ्या टोकाला ‘पूर्ण असहमत’ असे लिहीत असे, आणि पाच मिनिटांत त्या रेघेवर चाळीस चिठ्ठ्या येऊन बसत. चिठ्ठीवर लिहिणाऱ्याचे नाव उमटत नसल्यामुळे, सबंध सत्रात ज्यांचा आवाज मी ऐकलेला नाही असे विद्यार्थीही तिथे माझ्याशी हिरिरीने भांडत. वीस पानांची मर्यादा तेव्हा जाचक वाटे. ती मर्यादा हाच त्या साधनाचा सर्वांत मोठा गुण होता, हे नवीन साधनाचा ‘अनंत फलक’ हाती आल्यानंतर कळले.

अनंत हा शब्द तत्त्वज्ञानात शोभतो, वर्गात नाही. नव्या फलकाला कडाच नसल्यामुळे पहिल्याच तासाला एका गटाने आपल्या चिठ्ठ्या इतक्या दूर नेऊन चिकटवल्या, की तास संपेपर्यंत त्या कुणाला सापडल्या नाहीत. त्या गटाचे काम मी अद्याप तपासलेले नाही, कारण ते कोणत्या दिशेला आहे याबाबत गटातच एकमत नाही. हे विनोदाने सांगता येते, पण माझ्या वर्गात पडदावाचकाच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनाच्या, मदतीने शिकणारा एक विद्यार्थी आहे आणि त्याच्या कानांवर या विखुरलेल्या चिठ्ठ्या कोणत्या क्रमाने पडत असतील, हा विचार आला की विनोद तिथेच थांबतो. समितीच्या तुलनातक्त्यात ‘दृश्य आकर्षकता’ या निकषाला दहा गुण होते. सुगम्यतेचा रकाना तक्त्यात होता. तो भरायचा राहून गेला होता.

जॅमबोर्ड बंद करताना पर्याय म्हणून फिगजॅम, ल्युसिडस्पार्क आणि मिरो ही तीन नावे सुचवण्यात आली होती. आमच्या समितीने त्यांपैकी एखादे निवडले की चौथेच काही शोधून काढले, हे मी सांगणार नाही, कारण दोष साधनाचा किती आणि आमचा किती याविषयीचे माझे मत रोज बदलते. परवान्यांची संख्या शिक्षकांच्या संख्येपेक्षा कमी निघाली आणि माझे नाव प्रतीक्षायादीत गेले, एवढेच नमूद करते. तोपर्यंत काम अडू नये म्हणून मी माझ्या खासगी पत्त्यावर फुकटचे खाते उघडले. फुकटच्या खात्यात तीनच फलक वापरता येतात. सोमवारी रात्री मी चौथा फलक तयार केला आणि मंगळवारी सकाळी माझा पहिला फलक, म्हणजे त्या दिवशी लागणारा फलक, ‘केवळ पाहण्यासाठी’ झालेला होता. लिहायचे असल्यास मालकाकडे परवानगी मागा, अशी सूचना पडद्यावर झळकली. मी चाळीस जणांसमोर, त्यांपैकी निम्मे घरून पडद्यावर पाहत असताना, मालकाकडे रीतसर परवानगी मागितली. मालक मीच होते. माझ्या विनंतीची सूचना माझ्याच फोनवर खणखणीत आवाजात आली आणि ती मंजूर करण्यासाठी वरच्या दर्जाचे खाते विकत घ्या, असा सल्ला मला देण्यात आला.

तेव्हा पुढच्या बाकावरच्या विद्यार्थिनीने अत्यंत सौम्य स्वरात म्हटले, “मॅडम, मी फलक बनवलाय. लिंक टाकते, तुम्ही या.” तो सौम्य स्वर मला अजून ऐकू येतो. आजारी माणसाला पाणी हवे का, असे विचारताना जो स्वर असतो, तो.

आता चाळिसावा पाहुणा. त्या दिवशी माझ्या अध्यापनाचे निरीक्षण करण्यासाठी आमच्या विभागातील एक ज्येष्ठ प्राध्यापक मागच्या बाकावर येऊन बसले होते. गृहस्थ सज्जन आहेत, काटेकोर आहेत, आणि नियमावर त्यांचे जेवढे प्रेम आहे तेवढे प्रेम नियमाला आयुष्यात दुसऱ्या कुणाकडून मिळाले नसेल. वर्गाच्या गप्पांच्या चौकटीत दुवा पडताच त्यांनीही तो उघडला. समोर पिवळी, कोरी चिठ्ठी दिसली. निरीक्षणाचे प्रपत्र या वर्षापासून डिजिटल होणार, असे परिपत्रक त्यांनी वाचले होते. तेच हे प्रपत्र, असा त्यांचा समज झाला आणि त्यांनी मनोभावे नोंदी करायला सुरुवात केली.

पहिली चिठ्ठी फलकावर अवतरली तेव्हा मी नमुनानिवडीविषयी बोलत होते. चिठ्ठीवर लिहिले होते : ‘तास सात मिनिटे उशिरा सुरू झाला.’ मला वाटले, एखाद्या विद्यार्थ्याचे निर्भीड मत असावे. मी कौतुकाने म्हटले, “ठीक आहे, हेही एक निरीक्षणच आहे. आता हे मत आहे की तथ्य, ते ठरवा.” विद्यार्थ्यांनी ते तथ्य ठरवले आणि चिठ्ठी ओढून ‘पूर्ण सहमत’ या टोकाला नेऊन ठेवली. दुसरी चिठ्ठी आली : ‘फळ्याचा वापर नाही.’ तीही सहमतीकडे गेली. तिसरी आली : ‘आवाज स्पष्ट, वेग अधिक.’ या चिठ्ठीवरून वर्गात दोन तट पडले आणि ती रेघेवर बराच वेळ इकडून तिकडे ओढली जात राहिली. मागच्या बाकावर प्राध्यापक महाशय आपली नोंद स्वतःहून हालचाल करते आहे हे पाहून चकित झाले असावेत, कारण त्यांनी ती दोनदा पकडून मूळ जागी आणून ठेवली. मग चौथी चिठ्ठी उमटली, ठळक अक्षरांत : ‘शिक्षिका अद्याप उपस्थित नाहीत.’

वर्गात शांतता पसरली. मी रेघेच्या मधोमध, पडद्यासमोर, उजव्या हातात खडू नसलेल्या अवस्थेत उभी होते. एका विद्यार्थ्याने ती चिठ्ठी अलगद उचलून ‘पूर्ण असहमत’ या टोकाला नेली. त्या विद्यार्थ्याचे उपकार मी विसरणार नाही. दुसऱ्या कुणीतरी ती लगेच रेघेच्या मध्यावर आणली. तो कोण, हेही मी विसरणार नाही.

तास संपल्यावर मी प्राध्यापक महाशयांना व्हरांड्यात गाठले.

“सर, त्या चिठ्ठ्या आपल्या होत्या?”

“नोंदी माझ्या होत्या,” ते म्हणाले. “चिठ्ठ्या वगैरे म्हणू नका.”

“पण मी तर समोरच उभी होते.”

“आपण उभ्या होतात, हे मी नाकारतच नाही. पण प्रपत्रातला प्रश्न असा आहे की, शिक्षक डिजिटल माध्यमावर उपस्थित होते काय. मी यादी तीनदा वाचली. त्यात आपले नाव नव्हते.”

“मी पाहुणा क्रमांक ४१ होते.”

त्यांनी आपल्या वहीत पाहिले. “बरोबर. म्हणजे आपण माझ्यानंतर आलात.”

यावर काय बोलावे ते मला सुचेना. मग त्यांचा स्वर एकाएकी हळवा झाला. “जुने साधन फार चांगले होते हो,” ते म्हणाले. “ते बंद पडले तेव्हा मला खरोखर वाईट वाटले.”

“आपण ते वापरत होतात?” मी आश्चर्याने विचारले.

“छे! कधीच नाही. पण ते आपल्याकडे आहे, याचा एक आधार होता.”

मला त्यांचा राग यायला हवा होता आणि तो आलाही. परंतु या एका वाक्यात ते विद्यापीठातल्या सर्वांच्या वतीने बोलले, असे मला राहून राहून वाटते. माझ्या अभ्यासक्रमाच्या जुन्या आराखड्यांमध्ये अशा दिवंगतांची मोठी रांग आहे. गूगल वेव्ह हे एकत्र लिहिण्या-बोलण्याचे साधन २००९ मध्ये वाजतगाजत दाखवले गेले, पुढच्याच वर्षी त्याचे काम थांबले आणि एप्रिल २०१२ मध्ये ते संपले. विकिस्पेसेस या सगळ्यांनी मिळून पाने लिहिण्याच्या संकेतस्थळावर मी गटवार टिपणे लिहून घेत असे. २०१८ मध्ये तेही गेले. या यादीत समाधान देणारी गोष्ट एकच : अनेकांना एकाच मजकुरावर एकाच वेळी लिहू देणाऱ्या ज्या इथरपॅडला गूगलने २००९ मध्ये विकत घेतले, त्याची आज्ञावली खुली झाली आणि म्हणून ते आजही कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवर तग धरून आहे. मी समितीला सुचवले होते, की असे एखादे खुले साधन आपल्याच सर्व्हरवर का ठेवू नये. ‘ते सांभाळणार कोण’ असा प्रतिप्रश्न आला. प्रश्न रास्त होता. पण दर तीन-चार वर्षांनी नवा दुवा, नवे खाते, नव्या सूचनापत्रिका, नव्या चित्रफिती आणि चाळीस जणांचे नवे लॉगिन हे सगळे जे सांभाळतात, त्यांच्याविषयी हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण ते काम रात्री अकरानंतर घरी होते आणि कार्यभाराच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

‘कागदाच्या चिठ्ठ्या वापरा’ हा सल्लाही मला पुष्कळांनी दिला आहे. त्यांनी माझ्या वर्गातल्या निम्म्या पडद्याआडच्या विद्यार्थ्यांपर्यंत त्या चिठ्ठ्या पोहोचवण्याची जबाबदारी घ्यावी. जुने फलक मी पीडीएफ करून ठेवले, तोही एक सल्लाच होता. आता त्यांतल्या चिठ्ठ्या दिसतात, वाचता येतात, पण सरकत नाहीत. एखाद्या भांडणाचे छायाचित्र पाहावे आणि पुढे काय झाले ते कळू नये, तसे ते दिसते.

निरीक्षणाचा अहवाल शुक्रवारी आला. ‘शिक्षिका स्वतःच्या तासाला पाहुण्या म्हणून उपस्थित होत्या, तथापि विषयाचे ज्ञान समाधानकारक,’ असा त्यात शेरा आहे आणि मी नव्या साधनाचे प्राथमिक प्रशिक्षण घ्यावे, अशी शिफारस आहे. प्रशिक्षणासाठी परवाना असलेले खाते लागते.

त्याच संध्याकाळी गटकार्याचे अहवालही माझ्याकडे आले. चौथ्या गटाने ‘वर्गातील उपस्थिती म्हणजे काय’ हा प्रश्न निवडला होता आणि मुख्य पुरावा म्हणून त्या चौथ्या चिठ्ठीतले वाक्य अवतरणचिन्हांत दिले होते. संदर्भ म्हणून लिहिले होते : पाहुणा क्रमांक ४०, वैयक्तिक संवाद. मी ते तीनदा तपासले. विधान शब्दशः होते, तारीख बरोबर होती, माहितीदात्याची ओळख गुप्त ठेवलेली होती. मला एकही गुण कापता आला नाही.