'सवय होईल' नावाचा रकाना

आज पुन्हा एका वेबसाइटने मेनू बदलला आणि पुन्हा तीच बोंबाबोंब. "जुनंच बरं होतं." "कुणी सांगितलं होतं बदलायला?" "काहीही सापडत नाहीये." बनवणाऱ्यांचं उत्तरही ठरलेलं: चार दिवस ओरडतील, मग सवय होईल.

हे उत्तर मीही दिलेलं आहे, पगार घेऊन. एका वेबसाइटचा मेनू आमच्या टीमने बदलला होता (नाव विचारू नका) आणि आलेल्या प्रतिक्रिया वाचून त्यांची वर्गवारी करायचं काम माझ्याकडे होतं. एक्सेलच्या शीटमध्ये चार रकाने होते: 'बग', 'रंगरूप', 'नवीन मागणी' आणि 'सवय होईल'. शेवटचा रकाना इतका लांबला की शीट खाली सरकवता सरकवता बोट दुखायचं. मीटिंगमध्ये मी तो दाखवायचे, सगळे समजूतदारपणे हसायचे, पुढचा मुद्दा.

आता 'सवय होईल' यात तथ्य नाही असं नाही. रोजच्या वापरातला मेनू कुणी वाचत नाही. हात आपोआप जातो. डावीकडून तिसरं नाव, खालून दुसरं, झालं काम. तुम्ही दोन नावांची अदलाबदल केली की हात जुन्याच जागी पडतो, भलतंच पान उघडतं आणि माणूस चिडतो. हा राग हाताचा असतो. काही दिवसांत हात नवी जागा शिकतो, राग ओसरतो. इथवर आमचं बरोबर होतं.

याच्या पुष्ट्यर्थ या धंद्यात एक गोष्ट हमखास सांगितली जाते. तुम्ही ही पोस्ट ज्या फीडमध्ये वाचताय, ती फेसबुकची न्यूज फीड, म्हणजे ओळखीच्यांच्या हालचाली एकाखाली एक दाखवणारी यादी, ५ सप्टेंबर २००६ला आली तेव्हा तिच्याविरुद्ध इथेच ग्रुप निघाले, लाखो लोक त्यांत सामील झाले. गंमत म्हणजे ते ग्रुप पसरले तेही त्याच फीडमुळे. फेसबुकच्या मार्क झुकेरबर्गने पोस्ट लिहिली, तिचं शीर्षकच 'शांत व्हा, श्वास घ्या, तुमचं ऐकतोय' अशा अर्थाचं होतं. फीड राहिली, लोकही राहिले. बघा, म्हणून लोकांचं फार मनावर घ्यायचं नसतं!

गोष्ट इथे थांबवायची पद्धत आहे. पण तीनच दिवसांनी त्याच झुकेरबर्गने दुसरं पत्र लिहिलं, आमचं चुकलं अशी सरळ कबुली दिली आणि आपली कुठली हालचाल फीडमध्ये दिसावी, कुठली नाही, हे ठरवायची सोय दिली. म्हणजे त्या सगळ्या आरडाओरड्यात एक तक्रार खरी होती: माझ्या बारीकसारीक हालचाली माझ्या नकळत सगळ्यांना का दाखवता? ती सवयीने जाणारी नव्हती. हा उत्तरार्ध मी एकाही मीटिंगमध्ये ऐकला नाही.

मेनूच्या बाबतीत तर उदाहरणं ढीगभर आहेत. मायक्रोसॉफ्टचं ऑफिस २००० आठवतंय? त्यात मेनू स्वतःच 'हुशार' झाला होता. तुम्ही फारशा न वापरलेल्या आज्ञा तो लपवून ठेवायचा आणि खाली दोन बाण दाखवायचा. कल्पना कागदावर उत्तम. प्रत्यक्षात आज दिसलेली आज्ञा उद्या त्याच जागी असेलच याची खात्री नाही. अशा मेनूची सवय होणार कशी? मग विंडोज ८. ऑक्टोबर २०१२मध्ये स्टार्ट बटणच गायब. वर्षभराने ८.१मध्ये बटण परत आलं खरं, पण दाबलं की पुन्हा तीच पूर्ण स्क्रीन व्यापणारी चौकटींची जत्रा. लोकांना बटण नको होतं हो, मेनू हवा होता! तो मिळायला विंडोज १० यावं लागलं, २०१५ साल उजाडलं. तक्रार ऐकली, पण अर्धीच.

आमची चूक याहून साधी होती. जुन्या मेनूत 'पावत्या' नावाची एक गोष्ट होती, उघड्यावर, सगळ्यांना दिसेल अशी. नव्या मेनूत ती 'माझं विश्व' या नावाखाली, त्यात 'व्यवहार', त्यात 'दस्तऐवज', अशी तिसऱ्या मजल्यावर गेली. 'माझं विश्व' हे नाव कुणाला सुचलं ते मला माहीत आहे, सांगणार नाही. भरीला मोठ्या स्क्रीनवरसुद्धा अख्खा मेनू तीन आडव्या रेघांमागे झाकला. कारण? "सुटसुटीत दिसतं." दिसतं ना! रिकामं कपाटही सुटसुटीतच दिसतं.

त्या तीन रेघा तशा जुन्याच. नॉर्म कॉक्स नावाच्या डिझायनरने १९८१च्या झेरॉक्स स्टार संगणकासाठी त्या काढल्या होत्या. पुढे मोबाइलच्या चिमुकल्या स्क्रीनवर जागा वाचवायला त्या सगळीकडे आल्या, तिथे नाइलाज समजू शकते. पण ऐसपैस स्क्रीनवर कशाला? वेबसाइट वापरायला किती सोप्या हे तपासणाऱ्या नील्सन नॉर्मन ग्रुपने २०१६मध्ये १७९ जणांना घेऊन चाचणी केली होती. मेनू झाकला की त्यातल्या गोष्टी लोकांना सापडण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं, असं त्यात दिसलं. हा अहवाल आमच्या टीममध्ये दोघांनी वाचलेला होता. त्यातली एक मी. मीटिंगमध्ये दोघंही गप्प होतो.

तर, "माझी पावती कुठे गेली?" असे निरोप यायला लागले आणि मी ते इमानेइतबारे चौथ्या रकान्यात टाकत गेले. आता थांबून विचार केला तर कळतं, पावती सापडत नाही म्हणणाऱ्याला कसली सवय होणार? न सापडण्याची? तसंही होतं म्हणा. लोक शोधणं सोडून देतात, फोन करून पावती मागतात आणि आमच्या आलेखात तक्रारी कमी झालेल्या दिसतात. आम्ही त्याला 'स्थिरावणं' म्हणायचो.

एका निरोपाने मात्र माझी झोप उडाली. इतरांसारखी आगपाखड नव्हती, तीन शांत ओळी होत्या. लिहिणारे गृहस्थ डोळ्यांनी पाहू शकत नव्हते, स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, ऐकून आणि टॅबच्या कळीने एकेका नावावरून पुढे सरकत काम करायचे. त्यांनी लिहिलं होतं, पूर्वी सहा वेळा टॅब दाबून एंटर दाबलं की मी पावत्यांवर पोचायचो. आता कितीही टॅब दाबले तरी ते नाव ऐकूच येत नाही, काढून टाकलंत का? मी काय केलं असेल? 'जुनी सवय' म्हणून तेही चौथ्या रकान्यात टाकलं. सहा टॅब म्हणजे सवयच की!

दोन दिवसांनी काहीतरी खुपत राहिलं म्हणून माऊस बाजूला ठेवला आणि नुसत्या कीबोर्डवर आमचा मेनू उघडायला बसले. टॅब, टॅब, टॅब. तीन रेघा आल्या, एंटरने उघडल्या. 'माझं विश्व' आलं. पुढचा टॅब थेट 'मदत'वर. 'माझं विश्व'च्या आतल्या नावांचा पट्टा उघडायचा तो फक्त माऊस वर नेल्यावर! एंटर दाबा, बाण दाबा, ढिम्म. सगळं काही कीबोर्डने करता आलं पाहिजे हा नियम वेबच्या सुगम्यतेच्या (वेबसाइट अपंगांनाही वापरता यावी यासाठीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत २००८च्या आवृत्तीतही स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे त्या गृहस्थांसाठी आम्ही पावती हलवली नव्हती, दाराला कुलूप घातलं होतं. आणि मी त्यांना सवय होईल म्हणत होते.

आणि हो, माऊसवाल्यांचंही सुख नव्हतं. 'माझं विश्व'वर माऊस नेला, शेजारी पट्टा उघडला, 'व्यवहार'कडे तिरका निघाला की वाटेत खालच्या नावाला स्पर्श व्हायचा आणि पट्टा मिटायचा. काटकोनात चालत गेलं तरच पोचणार. "तुमचा मेनू पळतो" असं एकीने लिहिलं होतं. मी ते 'रंगरूप'मध्ये टाकलं होतं.

मग मी चौथा रकाना पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला. एकच प्रश्न धरून: हा माणूस "आवडत नाही" म्हणतोय की "काम अडलंय" म्हणतोय? दोघंही ओरडतात एकाच सुरात, म्हणून घोटाळा होतो. उलट ज्याचं काम अडलंय तो बऱ्याचदा हळू आवाजात बोलतो, कारण त्याला आधी वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. रकाना निम्माही उरला नाही.

टीमला ते पटवणं हा वेगळा अध्याय, त्यात शिरत नाही. पट्टा कीबोर्डने उघडायला लागला, 'पावत्या' पुन्हा बाहेर आल्या, त्याच साध्या नावाने. 'माझं विश्व' अजून आहे, त्यात आता काय आहे कुणास ठाऊक.

टॅबवाल्या गृहस्थांना मी स्वतः कळवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "मिळालं. पण आता सात वेळा दाबावं लागतं. असो, त्याची सवय होईल."